उजव्या हाताला एक वीत

"…'वाढप्याच्या हयगयीमुळे ॲशट्रे जागेवर नव्हता. बोलण्याच्या भरात पाहुण्यांनी जळता चिरूट या कापडावरच टेकवला, आणि त्याच घटकेला करार ठरला.' कसं वाटतं, बाई?"

इतिहासवालीने हातातला कागद खाली केला. घडीबाईंची इस्त्री थांबली नव्हती, पण पुढेही जात नव्हती. एकाच जागी मागेपुढे घासत होती. कापडखोलीत एकतीस वर्षे काढलेल्या बाईने असे करू नये, हे त्यांचे त्यांनाही कळत होते. त्यांनी इस्त्री उचलून उभी केली.

"हयगय हा शब्द हवाच का त्यात?"

"फाइलीतच आहे तो. मी माझ्या पदरचं काहीच घातलेलं नाही," इतिहासवाली म्हणाली. "आणि खरं सांगू का? त्या एका ओळीमुळे माणसं थांबून वाचतील. करारांच्या पाट्या काय, भवनात भिंतीगणिक आहेत."

ती माहिती खात्याकडून आली होती. पोरगी तिशीची, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरणारी, पण कामाला वाघ. भवनाला सव्वाशे वर्षे होत होती आणि त्याचा इतिहास लिहायचे काम तिच्याकडे होते. आधी हे भवन एका धनवंताचे राहते घर होते, मग बड्या अधिकाऱ्यांची कोठी झाले, लढाईच्या काळात चार वर्षे त्यात इस्पितळ होते, आणि मग सरकारने ते धुऊनपुसून परदेशी पाहुण्यांच्या स्वागतासाठी राखून ठेवले. कोणत्या जिन्यावर कोणता राजा घसरला, कोणत्या खुर्चीत बसून कोणी कोणाला जमीन दिली, हे सगळे तिने सहा महिन्यांत गोळा केले होते. सहा महिन्यांत तिने कापडखोलीत मात्र तीनदाच पाऊल टाकले, आणि तिन्ही वेळा त्या एकाच कापडासाठी.

घडीबाईंचे म्हणणे वेगळे होते. इतिहास वर दालनात घडत असेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाठोडे बांधून खाली कापडखोलीतच येतो. कोणत्या मंत्र्याने रुमाल सोडून टेबलक्लॉथलाच तोंड पुसले, कोणत्या राणीच्या ओठांचा रंग तीन उकळ्या दिल्या तरी जात नाही, कोणत्या दोन शेजाऱ्यांच्या मध्ये रागाने पेला आदळला, हे डाग सांगतात. डाग काढता काढता बाईंना जगाचे राजकारण बरेच कळले होते, आणि त्याबद्दल त्यांचे मत काही फारसे बरे नव्हते. घडीबाई हे नाव वाढप्यांनी पाडलेले. रुमालाची घडी अशी करायच्या की उलगडणाऱ्यालाच वाईट वाटावे.

आणि त्या सगळ्या कापडांत हे एक कापड म्हणजे थोरली. अठ्ठावीस माणसांच्या टेबलाला पुरणारी, एकाही जोडाशिवाय विणलेली, विणीतच वेलबुट्टी असलेली पांढरी चादर. बरोबर मध्याच्या अलीकडे तिला एक भोक होते, रुपयाएवढे, कडा दोऱ्याने बांधलेले. त्या भोकाची गोष्ट भवनात नवा आलेला माळीसुद्धा सांगत असे.

"परवापर्यंत कडक इस्त्री करून द्या हं," इतिहासवाली निघता निघता म्हणाली. "काचेच्या पेटीत जायचीय. आणि जुन्या लोकांना बोलावणी गेलीत बरं का, पहिल्यांदाच. पाहुणे म्हणून, पुढच्या दारानं."

घडीबाईंना ते ठाऊक होते. त्यातले एक बोलावणे त्यांच्याच घरी, आरशाच्या फटीत खोचलेले होते.

ती गेल्यावर बाईंनी थोरलीची घडी घातली, मोडली, परत घातली. मग कपाटातले शंभरभर रुमाल काढून पुन्हा रचले. जीव थाऱ्यावर नसला की माणसे येरझाऱ्या घालतात. बाई घड्या घालायच्या. पाच वाजता दिवा घालवून त्या बाहेर पडल्या तेव्हा कपाटात एक रुमाल उलटा राहिला होता, आणि हे त्यांच्या हातून कधी झाले नव्हते.

घर म्हणजे भवनाच्याच मागच्या आवारातल्या दोन खोल्या. दार वाजवायच्या आत उघडले. वीतराव दार धरून उभे होते, कमरेत लवून.

"या, बाईसाहेब. सरकार आपलीच वाट पाहत होतं."

हा रोजचा खेळ होता. वीतराव भवनाच्या दारात चोवीस वर्षे उभे राहिले होते आणि तिथला नियम असा, की पाहुण्याच्या तोंडाकडे बघायचे नाही. नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे ठेवायची. आत काय घडले ते पाहुण्याच्या तोंडावर असते. कोणी चिडलेला असतो, एखादी बाई रडलेली असते, आणि ते आपण पाहिले असे त्याला वाटता कामा नये. पण बायकोसाठी दार धरताना वीतराव तिच्या तोंडाकडे चांगले टक लावून बघायचे आणि म्हणायचे, घरच्या दारात नियम नाही. निवृत्त होऊन सात वर्षे झाली तरी हा खेळ एक दिवस चुकला नव्हता.

त्या दिवशी त्यांनी तोंडाकडे पाहून विचारले, "काय झालं?"

"पाय दुखतायत," बाई म्हणाल्या.

जेवणाचे टेबल त्यांनी मांडून ठेवले होते. ते काम त्यांचेच. दोन माणसांचे टेबल, तेही एका बाजूला खाली ठोकळा लावलेले, पण मांडणी अठ्ठावीस माणसांच्या थाटाची. ताटाची कड टेबलाच्या कडेपासून अंगठ्याच्या पेराएवढी आत. पेला सुरीच्या टोकाशी. आणि प्रत्येकाच्या उजव्या हाताला, ताटापासून बरोबर एक वीत अंतरावर, एक बशी. घरात विडीकाडीचा वासही कोणाला चालत नसे. तरी ती निळी, किनार उडालेली बशी रोज तिथे असायचीच, आणि पाहुणा आला की त्याच्याही पुढे दुसरी यायची. लग्नानंतर सुरुवातीला शेजारणी विचारायच्या, ही कशाला? मग वीतराव सगळी गोष्ट सांगायचे. पुढे पुढे शेजारणींनी विचारायचे सोडले.

गोष्ट अशी. एकतीस वर्षांपूर्वी वीतराव भवनातले पहिल्या नंबरचे वाढपी होते. पट्टी न लावता अठ्ठावीस ताटे नुसत्या हाताच्या वितीने अशी मांडायचे की वरून दोरी धरली तरी कोणी रेषेबाहेर सापडू नये. नाव पडले ते त्यावरून. त्या वर्षी शेजारच्या देशाचे मोठे पाहुणे आले, नदीच्या पाण्यावरून तीन दिवस घासाघीस चालली, आणि शेवटच्या जेवणात एकदाचे जमले. दोन दिवसांनी थोरली धुऊन आली तर तिला भोक. चिरुटाचे, असे ठरले. परक्या पाहुण्याला कोण जाब विचारणार? पण थोरली ही साधी चादर नव्हती, यादीत नाव असलेली वस्तू होती, आणि फाइल बंद करायला कोणाचे तरी नाव लागतेच. त्या बाजूचे टेबल वीतरावांचे होते. 'रक्षापात्र ठेवण्यात हयगय' असा शेरा पडला. तेव्हाचे साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले होते, चुकलो एवढे लिहून दे, टेबलावरच ठेवतो. वीतराव म्हणाले, ठेवला होता साहेब, तर चुकलो कसे लिहू? मग त्यांना दारात उभे केले.

आता यातली जी गोष्ट वीतरावांना ठाऊक नव्हती ती घडीबाईंना ठाऊक होती.

तेव्हा त्या घडीबाई नव्हत्या, कापडखोलीत तीन महिन्यांच्या बोलीवर आलेली सव्वीस वर्षांची मुलगी होत्या. थोरली धुऊन आल्यावर इस्त्रीला त्यांच्याकडे दिली होती. वेलबुट्टीचे कापड आधी उलट्या बाजूने इस्त्री करतात, म्हणजे वीण उठून दिसते. त्या उलट्या बाजूने करत होत्या. इस्त्रीचे टेबल खिडकीशी, खिडकीखाली आवार, आणि आवारातून तो उंच वाढपी डोक्यावर पेल्यांची पेटी घेऊन चालला होता, असा की पेल्याला पेला लागू नये. त्या बघत राहिल्या. वास आला तेव्हा इस्त्रीच्या नाकाएवढे कापड तपकिरी होऊन गेले होते.

कापडखोलीच्या तेव्हाच्या मुख्य, मोठ्या बाई, ओरडल्यासुद्धा नाहीत. दार लावून घेतले, शर्टाचे बटण ठेवून भाजलेली जागा गोल कापून काढली, कडा दोऱ्याने बांधल्या आणि म्हणाल्या, चिरूट. मुलीने हुंदके देत मान हलवली. ॲशट्रेचा विचार त्या दोघींपैकी एकीलाही आला नव्हता. नाव कोणाचे लागले ते चौथ्या दिवशी कळले. तेव्हा मोठ्या बाई म्हणाल्या, आता तोंड उघडलेस तर त्याचे वाचणार नाहीच, आपण दोघीही जाऊ. हे खरे नव्हते, पण सव्वीस वर्षांच्या मुलीला ते खरे वाटणारच होते.

दारात उभ्या राहणाऱ्या त्या माणसाशी पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केले. लग्नाआधी सांगायचे ठरवले होते, मग लग्नानंतर. मग मुलगी झाली, तिचे पाय चालते झाले की सांगू. मग तिचे लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली. मग हे निवृत्त झाले की सांगू, आता नोकरीत असताना उगाच कशाला. सांगायचे राहिले म्हणतात तसे ते राहिले. पण बाईंना बरोबर माहीत होते की ते राहिले नव्हते, त्यांनी ते रोज सकाळी उठून नव्याने ठेवून दिले होते.

आणि आता परवा, पाहुणा म्हणून कोट घालून गेलेल्या नवऱ्याला ती 'हयगय' काचेशेजारी सोनेरी चौकटीत वाचायला मिळणार होती.

रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी वीतराव अजून चहा घेत होते तोवर त्या कामाला निघून गेल्या. कापडखोलीत जाऊन थोरली छातीशी धरली आणि मागच्या जिन्याने वर गेल्या. इतिहासवालीचे टेबल तिसऱ्या मजल्यावर, पूर्वीच्या इस्पितळाच्या औषधांच्या खोलीत होते. ती फोनवर कोणाला तरी फुलांविषयी झापत होती. बाई उभ्या राहिल्या. बसा म्हटले तरी बसल्या नाहीत.

फोन झाल्यावर त्यांनी थोरलीचा मधला भाग टेबलावर पसरला. सुलट बाजू दाखवली, मग कापड उलटे केले.

"बघा. भोकाभोवती तांबूस कडा आहे ना? वरून बघितलं तर नावाला. खालून बघा केवढी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे भाजलंय ते खालच्या बाजूनं. ही बाजू टेबलाला चिकटलेली असते. टेबलाच्या खाली बसून चिरूट कोणी ओढत नाही, बाई."

इतिहासवालीने चष्मा डोळ्यांवर घेतला. बराच वेळ ती वाकून बघत होती. मग तिने इस्त्रीविषयी विचारले आणि घडीबाईंनी सगळे सांगितले, मोठ्या बाईंच्या बटणासकट. इतकी वर्षे दाबून ठेवलेली गोष्ट सांगायला चार मिनिटेसुद्धा लागली नाहीत, आणि याचाच त्यांना जास्त राग आला.

"आणि तो वाढपी? आहे का हयात?"

"आहेत. आमच्याच घरात असतात."

इतिहासवालीला कळायला क्षणभर लागला. मग ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. तिचे म्हणणे असे पडले, की पुस्तक छापून झाले आहे, चार हजार प्रती खाली गोदामात आहेत. उद्याच्या मोठ्या साहेबांच्या भाषणात चिरूट आहे. त्या पाहुण्यांचा देशसुद्धा हीच गोष्ट सांगतो आणि त्यांना ती आवडते. आता चिरूट हलवायचा म्हणजे दोन सरकारे हलवावी लागतील, आणि ते तिच्या हातात नाही.

"पण पाटी अजून छापायचीय," ती म्हणाली. "हयगयीची ओळ मी काढते. वाढप्याचा उल्लेखच नको. चालेल? ते येतील, बघतील, त्यांना काही टोचणार नाही. तुम्हालाही घरी काही बोलायला नको. पुरे ना एवढं?"

"पुरे," घडीबाई म्हणाल्या.

पुरे म्हटले आणि त्या जिना उतरल्या. दुसऱ्या मजल्यापर्यंत त्यांना पिसासारखे हलके वाटत होते. पहिल्या मजल्यावर आल्यावर वाटले, आपण एवढ्या चटकन पुरे म्हणायला नको होते. खाली पोचेपर्यंत मनाची समजूत घातली, की झाले ते चांगलेच झाले. साप मेला, काठीही तुटली नाही. दुपारी त्यांनी थोरलीला शेवटची इस्त्री केली, आधी उलट्या बाजूने, मग सुलट, आणि चौघांच्या हाती देऊन वर पाठवली. मग अर्धी रजा टाकून घरी आल्या.

वीतरावांनी दार धरले, तोंडाकडे बघितले आणि म्हणाले, "आज बरी दिसतेस."

कोट दाराच्या कडीला लटकत होता. खाली कागद पसरून ते बूट पॉलिश करायला बसले होते. बाईंनी पंखा लावला, पाणी प्यायल्या, समोर बसल्या. उद्या काय काय असेल, खुर्च्या कशा लावल्या आहेत, हे सांगत राहिल्या. वीतराव मान हलवत होते. मग बूट खाली ठेवून म्हणाले,

"मी एक ठरवलंय. उद्या ते मोठे साहेब भेटतील ना, त्यांना सांगून टाकणार आहे."

"काय?"

"हेच, की ॲशट्रे मी ठेवला नव्हता."

बाईंना वाटले चेष्टा करत आहेत. पण ते हातातल्या फडक्याकडे बघत बोलत होते.

"अगं, किती वर्षं भांडलो मी? ठेवला होता, ठेवला होता. कोणाला पटलं का? आता तर मलाच आठवत नाही. डोळे मिटून ते टेबल बघायला गेलो की पहिल्यासारखं दिसायचं, ताट, पेला, ॲशट्रे. हल्ली कधी ॲशट्रे दिसतो, कधी नुसतं कापड. माणूस आहे, विसरलो असेन. तीन दिवस झोप नव्हती आम्हा कोणाला. तेव्हाच चुकलो म्हणालो असतो तर चोवीस वर्षं दारात नसतो उभा राहिलो. हट्टापायी सगळं घालवलं. आता म्हणून टाकतो आणि सुटतो."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. चांगले हसत म्हणाले, आणि पुन्हा बूट उचलला. बाईंनी त्यांना दारात उभे राहताना पाहिले होते, पावसात, उन्हात, वयाने धाकट्या वाढप्यांना सलाम करताना पाहिले होते, तेव्हासुद्धा हा माणूस असा वाकलेला दिसला नव्हता. एवढी एकच गोष्ट त्याने सांभाळून ठेवली होती, आणि आता तीही तो टाकून द्यायला निघाला होता. काठी तुटली नाही म्हणून आपण दुपारी खूश झालो होतो, याची बाईंना शिसारी आली.

"ॲशट्रे जागेवर होता," त्या म्हणाल्या.

"जाऊ दे गं. समजूत नको घालूस."

"समजूत नाही घालत. दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावरचं कापड गोळा करायला मी गेले होते. तो तिथेच होता. त्यातली राख मीच झटकली."

वीतरावांचा हात थांबला. बाईंनी मग बाकीचेही सांगितले, इस्त्री, बटण, मोठ्या बाई, सगळे. आवाज चढवला नाही, डोळ्यांना हात लावला नाही. खिडकीतून त्या कोणाकडे बघत होत्या ते मात्र सांगितले नाही. ते सांगितले असते तर ते कारण झाले असते, आणि कारणे सांगायचा हक्क त्यांनी केव्हाच घालवला होता.

बाहेर आवारात कोणीतरी उद्याच्या खुर्च्या गाडीतून उतरवत होते. एक एक खुर्ची फरशीवर टेकल्याचा आवाज येत होता.

"कुठे होता?" वीतरावांनी विचारले. "नेमका?"

"उजव्या हाताला. एक वीत."

त्यांनी मान हलवली. मग दुसरा बूट घेतला आणि तो पहिल्यापेक्षा जास्त वेळ घासला.

संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे टेबल मांडले. ताटाची कड पेराएवढी आत, पेला सुरीच्या टोकाशी. बाईंच्या पुढेही तसेच, कुठे काही कमी नाही. जेवता जेवता बाईंचा उजवा हात सवयीने पुढे सरकला. निळी बशी तिथे नव्हती. त्यांच्या पुढे नव्हती आणि वीतरावांच्या पुढेही नव्हती. फडताळातही नव्हती, ते त्यांनी भांडी घासताना पाहिले. वीतराव दोन वाक्ये बोलले. एक मिठाविषयी आणि एक उद्या किती वाजता निघायचे त्याविषयी.

सकाळी बाईंनी त्यांच्या शर्टासाठी इस्त्री तापवली. वीतरावांनी शर्ट त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच इस्त्री केली. बाह्यांना दोन दोन रेषा पडल्या. बाई बघत राहिल्या.

भवनात पुढच्या दाराने पाहुणा म्हणून जायची वीतरावांची ही पहिलीच वेळ. दारातल्या माणसाने दार उघडले, नजर खांद्यावरून पलीकडे ठेवली. वीतरावांनी त्याच्याकडे बघून हलकेच मान लववली. घडीबाई दोन पावले मागून येत होत्या. दालनात भाषणे झाली, चिरुटाला टाळ्या पडल्या, पुस्तके वाटली गेली. जुनी माणसे एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होती. मोठे साहेब वीतरावांच्या समोरून गेले, थांबले, हात मिळवून आपण कोठे होतात म्हणून विचारते झाले. "टेबलावर," वीतराव म्हणाले. चोवीस वर्षे दारात काढलेला माणूस एवढेच म्हणाला.

मग ते पेटीपाशी गेले. आडव्या मोठ्या काचेखाली थोरली अर्धी उलगडून ठेवलेली होती आणि मध्ये ते भोक. शेजारी सोनेरी चौकटीत पाटी. वीतरावांनी चष्मा लावून ती वाचली. पुन्हा वाचली. त्यात करार होता, पाहुणे होते, चिरूट होता. वाढपी कोठेच नव्हता, हयगय करणाराही नव्हता आणि न करणाराही नव्हता.

त्यांनी चष्मा खिशात ठेवला. उजवा हात काचेवर पसरला, करंगळी भोकावर आणि अंगठा बाजूला जाईल तेवढा ताणून. म्हातारपणी माणसाची वीत आखडते. त्यांनी ती दुसऱ्या हाताने ओढून पुरी केली. मग कोटाच्या खिशातून निळी बशी काढली आणि अंगठ्याशी टेकवून काचेवर ठेवली. बोटाने जरा फिरवली, किनार उडालेली बाजू पलीकडे जाईल अशी.

पहारेकरी पुढे झाला. इतिहासवाली तिथेच उभी होती. तिने त्याला हाताने थांबवले.

"इथे होता," वीतराव म्हणाले. कोणाला असे नाही.

"हो," इतिहासवाली म्हणाली.

वाढपी टेबलापासून दूर होतात तसे ते पाठ न दाखवता दोन पावले मागे सरले. ताठ उभे राहून त्यांनी एकदा सगळ्या टेबलावरून, म्हणजे पेटीवरून, नजर फिरवली. घडीबाईंना वाटले आता हे वळतील, आपल्याकडे बघतील. रागाने बघितले तरी चालणार होते; त्या रागाची त्यांनी तीस वर्षे तयारी केली होती. वीतराव वळले आणि दाराकडे चालू लागले. चाल तीच होती, डोक्यावर पेल्यांची पेटी असल्यासारखी.

दारातला माणूस बाहेर गाड्यांकडे गेला होता. वीतरावांनी दार स्वतःच उघडले, आणि पलीकडे न जाता ते धरून उभे राहिले. घडीबाई जवळ आल्या. त्यांनी वर बघितले. वीतराव कमरेत लवले होते, हवे तेवढेच, ना कमी ना जास्त, आणि त्यांची नजर बाईंच्या खांद्यावरून पलीकडे दालनात कुठेतरी होती.

बाई तशाच थांबल्या. मागे लोक येत होते. वीतरावांनी दार आणखी थोडे उघडे केले, आणि घडीबाई एखाद्या पाहुणीसारख्या त्यांच्यासमोरून बाहेर पडल्या.